सही माझी, हाक तुमची

दिलीपराव,

तुम्हाला कृष्णेच्या काठी नेलं त्या दुपारी ऋतुजा ज्या आवाजात रडली, तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. माझी सख्खी मुलगी. जन्मली तेव्हाचं तिचं रडणं मी ऐकलंय, दात येतानाचं ऐकलंय, सायकलवरून पडून गुडघे फोडून घेतले तेव्हाचं ऐकलंय. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. हे पार बेंबीच्या देठापासून आलं आणि त्यात एकच शब्द होता. अण्णा.

मी गर्दीत मागे उभा होतो. पाण्यानं भरलेलं मडकं तुमच्या लेकाला, वेदूला पेलेना, तेव्हा ऋतुजानं पुढं होऊन त्याला आधार दिला आणि दोघं मिळून तुमच्याभोवती फिरली. माझ्या शेजारचा एक माणूस कुजबुजला, "पोरीला कशाला म्होरं घालत्यात? ती काय त्यांची न्हवं." तुमच्या धाकट्या भावानं त्याच्याकडे वळून नुसतं बघितलं, तसा तो गप्प झाला. खरं सांगू? मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. एवढ्या गर्दीत माझ्या बाजूचा तेवढा एकच होता.

नंतर दोघातिघांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याच्या मातीला साताऱ्याहून यायचं म्हणजे मोठं मन लागतं. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार? मी त्या वेळी एवढाच विचार करत होतो की मी गेल्यावर ही पोरगी अशी रडेल का.

तुम्ही हयात होता तोवर तुमच्यात काहीतरी खोट काढता यायची. दुकानातनं उशिरा येता, स्वातीच्या फोनला उत्तर देत नाही, जेवताना बोटं चाटता. आता तीही सोय राहिली नाही. आता तुम्ही फोटोत बसलात आणि मला हेवा करायला फक्त चांगलं तेवढंच उरवलंत.

स्वातीचा आणि माझा संसार मोडला तेव्हा ऋतू चार वर्षांची होती. भांडण कोर्टात गेलं नाही, दोघांनी समजुतीनं सह्या केल्या. पोर आईकडं सांगलीला, सुट्टीत माझ्याकडं साताऱ्याला. पुढं स्वातीनं तुमच्याशी लग्न केलं. तुमची मला माहिती एवढीच होती की मार्केट यार्डाच्या मागं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मूळ जतकडचे, घरात मेंढरं राखणारी माणसं. मी एमआयडीसीत सुट्या भागांची मापं तपासायचं काम करतो. केसाएवढा फरक असला तरी माल बाजूला काढतो. तुमचंही माप मी पहिल्या भेटीत काढलं होतं. चपलेत पाय, नखांत काळं वार्निश. मनात म्हटलं, ठीक आहे, हा माणूस माझ्या आड येणार नाही.

दुसऱ्याच मे महिन्यात माझ्या घरातला टेबलफॅन बंद पडला. मी दुकानात न्यायला काढला, तर ऋतू म्हणाली, "पप्पा, थांबा. कपॅसिटर गेला असंल. अण्णांना विचारते." तुम्ही फोनवर सांगत गेलात आणि माझी सात वर्षांची मुलगी स्क्रूड्रायव्हर घेऊन पंख्यात डोकं घालून बसली. पंखा सुरू झाला. त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी माझ्याच घरात तुमचं वारं लागत होतं मला.

तुम्हाला ती बाबा म्हणणार होती. स्वातीनं तसं शिकवायला घेतलं होतं. तुम्हीच अडवलंत. "तिला बाप हाय. मला अण्णा म्हणू दे." हे मला स्वातीनंच पुढं कधीतरी रागात सांगितलं. म्हणजे पप्पा ही जागा तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवली होती. राग येईल अशी गोष्ट आहे का ही? मला आला. मला वाटलं, माझीच वस्तू हा माणूस मला भेट देतोय.

मग वेदू झाला, आणि पाचव्या वर्षी आजारी पडला. अंगावर कुठंही निळे डाग, हिरड्यांतून रक्त, ताप. हाडांतला मगज, ज्यातनं रक्त तयार होतं, तो आटत चालला होता. औषधांनी गुण येईना. बाहेरचं रक्त चढवत दिवस निघायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दुसऱ्या कुणाच्या तरी हाडातला मगज देणं हाच इलाज. तुमच्या छातीत आधीच स्टेंट, तुम्हाला ते भूल द्यायला तयार नव्हते. स्वातीचं रक्त तपासलं तर वेदूच्या अंगात तिच्याविरुद्धच काहीतरी तयार झालेलं, तिचा मगज टिकला नसता. राहिली ऋतू. आई एक, बाप दोन. तिचं निम्मं जुळलं, आणि तेवढ्यावर भागणार होतं.

ती तेरा वर्षांची होती. देणारं मूल अठराच्या आतलं, तेव्हा हॉस्पिटलनं सांगितलं, जन्मदात्या दोघांची सही आणा, नाहीतर कोर्टाचा हुकूम.

तुम्ही दोघं साताऱ्याला आलात. एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलात आपण बसलो. स्वातीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती म्हणाली, "दुसरा रस्ता असता तर मी तुमच्यापुढं आले नसते."

"ऋतूला काय झालं तर?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. कमरेच्या हाडातनं सुईनं काढतात. चार दिवस दुखतं, परत भरून येतं."

"हे डॉक्टर कुणाचे?"

"म्हणजे?"

"वेदूचे ना? वेदूच्या डॉक्टरला वेदूच दिसणार. तुला वेदू दिसतोय, यांना वेदू दिसतोय. ऋतूचा डॉक्टर कोण आहे? भुलीत काही झालं तर? आणि तिचं देऊनसुद्धा पोरगं वाचलं नाही, तर ती जन्मभर काय घेऊन जगेल, ते कुणी बघितलंय?"

स्वाती रडायला लागली. मी सही करणार नाही म्हणालो. त्या नकाराची मला आजही लाज वाटत नाही, दिलीपराव. तो प्रश्न बरोबर होता. त्या प्रश्नाच्या तळाशी तुमचा हेवा होता हेही खरं. पण गढूळ पाण्यातही दगड दगडच असतो.

तुम्ही उठताना तेवढं विचारलंत, "तुमी न्हाई म्हणला, हे ऋतूला मी सांगू का तुमी सांगताय?"

"मी सांगतो."

"बरं हाय. तुमच्याकडनंच कळू दे तिला."

मी फोन केला. ती "बरं" म्हणाली. का, असंसुद्धा तिनं विचारलं नाही. तुम्हाला विचारलं असतं.

स्वातीनं सांगलीच्या कोर्टात अर्ज केला. माझे वकील म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी पालकत्वाचा कायदा उघडून बोट ठेवलं. बाप या शब्दात सावत्र बाप धरायचा नाही, असं तिथं सरळ लिहिलेलं होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली, आणि घरी येताना गाडीत मनातल्या मनात घोळवत आलो. तुम्ही तिला शाळेत सोडलं असेल, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या असतील, वाइंडिंगच्या मशीनवर बसवून तांब्याची तार गुंडाळायला शिकवली असेल. कायद्याला तुम्ही दिसतच नव्हता. इतकं गोड काही मी कितीतरी वर्षांत वाचलं नव्हतं.

त्याच कायद्यात दुसरीही एक गोष्ट होती, ती वकिलांनी मला घाईनं सांगितली. मुलाचं हित सगळ्यात वर. बापाच्या हक्काच्याही वर. आणि कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्या माणसाला "अज्ञान" म्हणतात, पण त्या अज्ञानाला आपलं मत नीट सांगता येत असेल तर कोर्ट ते विचारात घेऊ शकतं.

न्यायाधीश मॅडमना मी विसरणार नाही. स्वातीचे वकील सारखं वेदूच्या जिवाबद्दल बोलत होते. त्यांचं होऊ दिलं आणि मग मॅडम म्हणाल्या, "त्या मुलाचा जीव वाचावा असं इथल्या प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटतं. पण माझ्यासमोर अर्ज या मुलीबद्दल आहे. भावाचं भलं म्हणजे बहिणीचं भलं, हे मी गृहीत धरणार नाही. तिचं हित कशात आहे, ते सांगा."

माझी मान ताठ झाली. हेच तर मी हॉटेलात म्हणालो होतो.

मग त्यांनी तुम्हाला उभं केलं. कायद्यानं गरज नव्हती, पण मुलगी तुमच्या घरात राहते म्हणून विचारलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाह्यांची बटणं लावलेली. मी वाटच बघत होतो. आता हा हात जोडणार, रडणार, माझ्या पोराला वाचवा म्हणणार, आणि सगळं कोर्ट याच्या बाजूनं होणार.

"साहेब," तुम्ही म्हणालात. मॅडमना साहेबच म्हणालात. "मला इचारू नका. माझं पोरगं हाय ते. मी व्हयच म्हणणार. पोरीची आई बी व्हयच म्हणणार. आमचं दोघांचं डोकं ठिकाणावर न्हाई आत्ता." आणि माझ्याकडं हात केलात. "ह्यांचं ऐका. हितं फकस्त पोरीकडं बघणारा ह्योच एक माणूस हाय."

स्वाती तुमच्याकडं बघतच राहिली. मला वाटलं, जमिनीनं गिळावं. मी तुमच्याशी भांडायला आलो होतो आणि तुम्ही माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडून खाली बसलात. तुमचं पोरगं मरणाच्या दारात असताना. मी तुमच्या जागी असतो तर बोललो असतो का असं? हा प्रश्न मी त्या दिवसापासून टाळत आलोय, आजही टाळतो.

मॅडम ऋतूला आत घेऊन गेल्या. आम्ही सगळे बाहेर. ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. ती आधी कुणाकडं जाते हे मी बघत होतो. कुणाकडंच गेली नाही, नळावर पाणी प्यायला गेली. तेवढंही मला बरं वाटलं.

पुढच्या तारखेला मॅडमनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेला एक डॉक्टर ऋतूला एकटीला तपासेल आणि सगळं समजावून सांगेल. भूल देईपर्यंत ती कुठल्याही क्षणी नाही म्हणू शकते, कारण द्यायची गरज नाही. आणि हॉस्पिटलात तिच्याजवळ तिचा बाप राहील, कारण आईचा जीव दोन खोल्यांत वाटलेला असणार. मग मला विचारलं, "आता तुमची हरकत आहे?" मी म्हटलं, नाही. आता कुणीतरी तिच्याकडं बघत होतं. मी सही केली. जिंकलो की हरलो, ते मला कळलं नाही. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं.

बाहेर कोर्टाच्या कँटीनपाशी मी तुम्हाला गाठलं. ऋतूनं आत काय सांगितलं, हे तिनं तुम्हाला स्कूटरवर सांगितलं होतं. स्वातीच्या बोलण्यातनं मला ते कळलं होतं.

"काय म्हणाली ती आत?"

"आवं विजयराव, ते मी कसं सांगू? तिनं मला सांगितलंय."

"मी बाप आहे तिचा."

"व्हय की. म्हणून तिनंच सांगायला पायजे. कवातरी सांगंल." तुम्ही खाली बघून म्हणालात. "घाई करू नका गड्या."

मला गड्या म्हणालात. मला त्या क्षणी तुमच्या कानाखाली मारावीशी वाटली होती. आता वाटतं, पुन्हा एकदा म्हणावं कुणीतरी तसं. हे दोन्ही एकाच माणसाला कसं वाटतं, मला सांगता येत नाही.

पुण्याला वेदूची खोली काचेपलीकडं होती. तुम्ही तिथं अंगभर कपडे घालून, तोंडाला बांधून आत. मी ऋतूजवळ, दुसऱ्या मजल्यावर. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. ती पूर्णपणे माझी होती. मी तिची वेणी घालायला शिकलो, वाकडी का होईना. आम्ही पत्ते खेळलो. ती फसवते आणि फसवताना खालचा ओठ चावते, हे मला तेव्हा कळलं. सकाळी नेताना मी तिला विचारलं, "नाही म्हणायचंय का? अजून चालतं." ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच घाबरलाय." आणि माझ्या हातावर थापटून गेली.

बाहेर आली तेव्हा पालथी झोपलेली, ओठ पांढरे. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. भूल उतरताना माणूस काय बोलतं ते त्याच्या हातात नसतं. ती म्हणाली, "अण्णा."

मी तिथंच होतो. मीच होतो तिथं, दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "हां, आहे मी." तुमच्या नावानं ओ दिली. ती परत झोपली.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी चांगलं बोलला असता, आणि ते मला सोसलं नसतं.

मगज लागला. आधी ताप, पुरळ, दोन महिने नुसती धास्ती. मग हळूहळू वेदूचं रक्त त्याचं त्याचं तयार व्हायला लागलं. त्याचं म्हणजे ऋतूचं. एक दिवस मी कारखान्यात असताना तुमचा फोन आला. तुम्ही हसत होता.

"विजयराव, गंमत सांगतो. वेद्याचा रक्तगट बदलला. ओ होता, आता बी आला. डॉक्टर म्हणले, बहिणीचा हाय. तुमचा बी बीच न्हवं का?"

"हो."

"ऋतूला तुमच्याकडनं आलाय आन् तिच्याकडनं ह्याला. म्हंजे माझ्या पोराच्या अंगात माझं रक्त ऱ्हायलंच न्हाई, तुमचं आलं!"

मी हातातलं माप घ्यायचं गेज खाली ठेवलं. तुमच्या घरात राहणारा, तुमच्यासारख्या नाकाचा पोरगा, आणि त्याच्या अंगात फिरतंय ते माझं. वर्षानुवर्षं तुम्ही माझं घेत आलात असं मी धरून चाललो होतो. आज माझं तुमच्या घरात, तुमच्या पोराच्या नसांत शिरलं होतं. मला आनंद झाला, आणि तो काही भल्या जातीचा आनंद नव्हता.

"आता तुमी बी बाप झाला की," तुम्ही म्हणालात आणि परत हसलात. माझा तो आनंद पण तुम्ही असा वाटून घेतलात. काही म्हणजे काही माझ्यापुरतं राहू दिलं नाहीत.

त्यानंतर आपण फोनवर बोलायला लागलो. निमित्त वेदूच्या तब्येतीचं, पण गाडी एकाच भांडणावर यायची. मी म्हणायचो की तेरा वर्षांच्या पोरीला विचारायलाच नको होतं. ओझं मोठ्यांनी उचलायचं असतं. भाऊ मेला असता तर "मी हो म्हणाले", नाहीतर "मी नाही म्हणाले", यातलं एक तिच्या गळ्यात कायमचं पडलं असतं. तुम्ही म्हणायचात, "आंग कुणाचं? तिचं. मग इचारायचं तिलाच. आन् न्हाई म्हणली तर न्हाईच."

"पुरे झालं दिलीपराव. तुमचं पोरगं जात होतं. ती नाही म्हणाली असती तर तुम्ही ऐकलं असतं?"

हे मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही दुकानातच होता. मोटारीचा आवाज येत होता मागं.

"तवा मी काय केलं असतं कुणास ठाव," तुम्ही म्हणालात. "मनातनं मेलो असतो. पर तिला ते कळू दिलं नसतं एवढं नक्की."

मी म्हणालो, लेकरांना सगळं कळतं. तुम्ही म्हणालात, तुमचं बी खरं हाय, पुढच्या वेळी बोलू, गिऱ्हाईक आलंय. ते आपलं शेवटचं बोलणं. भांडण तसंच राहिलं. कोण बरोबर हे आता कोण सांगणार? गिऱ्हाईक आलं म्हणून कुणी असं अर्ध्यातनं उठून जातं का?

तुमच्या तेराव्यानंतर ऋतू मला सोडायला स्टँडवर आली. साताऱ्याची गाडी लागली नव्हती. आम्ही बाकावर बसलो. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलायला लागली.

"पप्पा, जज मॅडमनी मला विचारलं होतं, कुणाला वाईट वाटेल म्हणून हो म्हणतेस का? मी म्हटलं, हो म्हणावंसं वाटतंय ते आई आणि अण्णांना वाईट वाटंल म्हणून. आणि नाही म्हणावंसं वाटतंय ते पप्पांना वाईट वाटंल म्हणून. दोन्ही वाटतंय."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, समज हे कुणीच नाहीत. तू आणि वेदू दोघंच आहात. मग? मी म्हटलं, मग काय, तो माझ्याच मांडीवर झोपतो. देणार." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या पप्पांना वाईट वाटंल म्हणून न्हाई म्हणावं वाटलं, हे त्यांना एक दिवस सांग. त्यांना वाटतं तू त्यांचा इचारच करत न्हाईस."

गाडी लागली. मी चढलो. खिडकीतनं हात हलवला. गाडी हायवेला लागेपर्यंत मी डोळे पुसत होतो, आणि शेजारच्याला वाटलं, धूळ गेली.

एवढी वर्षं मला हवं होतं ते हेच होतं, दिलीपराव. तिच्या मनात मीही तुमच्या बरोबरीनं होतो, तराजूच्या दुसऱ्या पारड्यात. ते तुम्हाला माहीत होतं. आणि ते माझ्यापर्यंत पोचावं याची तजवीजही तुम्हीच करून ठेवलीत. मी तुमचे आभार मानतो. मनापासून मानतो. आणि आभार मानताना पोटात जळतं, तेही तुम्हाला सांगून ठेवतो. वरती काही असलं आणि मी आलो, तर आधी भांडण होईल, मग चहा.

मागच्या आठवड्यात ऋतूचा फोन आला. वेदूच्या तपासणीची तारीख होती. स्वाती अजून घराबाहेर पडत नाही, ऋतूची परीक्षा. "पप्पा, तुम्ही न्याल त्याला?" मी रजा टाकली.

सांगलीत त्याला रिक्षात घेतलं. आठ वर्षांचं पोर, रस्ताभर बाहेरच बघत बसलं. लॅबमधल्या मुलीनं बाही वर केली तसा तो माझ्याकडं सरकला. मी त्याला मांडीवर घेतलं आणि त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. त्यानं माझा हात काढला.

"असं न्हाई."

"मग कसं?"

"अण्णा डोळं झाकत न्हाईत. मी बघतो. त्यांनी हनुवटी हितं ठेवायची." त्यानं आपल्या डोक्यावर बोट ठेवलं. "आणि हात असा. घट्ट न्हाई. असा."

मी हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकवली. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. हात तो म्हणाला तसा धरला. सुई आत गेली. तो बघत राहिला, हलला नाही. मुलीनं कापूस दाबला आणि "झालं" म्हणाली, तरी तो उठला नाही.

"दाढी टोचती तुमची," तो म्हणाला.

"काढू का हनुवटी?"

त्यानं जरा विचार केला.

"राहू दे," तो म्हणाला. "चालंल."